नक्कल, सुधारणा आणि विस्मृती : जपानी द्विभिंगी कॅमेऱ्याच्या उद्योगाचा इतिहास

विसाव्या शतकातील जपानी उद्योगाविषयी लिहिताना 'अनुकरण' हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज बहुधा कोणास भासत नाही. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी तो निंदेसाठी वापरला. जपानी कंपन्यांनी आपल्या गौरवग्रंथांत तो शक्यतो टाळला. हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसतात खरे. परंतु एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. अनुकरण ही एकच एक, सर्वत्र सारखी असणारी क्रिया होय, आणि ती संपते तेथे खरा इतिहास सुरू होतो, असे दोघेही गृहीत धरतात. ह्या गृहीताची कसोटी पाहावयाची झाल्यास द्विभिंगी परावर्ती कॅमेऱ्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. ह्या कॅमेऱ्याचा नमुना एकच होता आणि तोही सर्वांच्या परिचयाचा होता. तो जपानात काही डझन कारखान्यांनी आणि त्याहून कितीतरी अधिक लहान जोडणीदारांनी उचलला. मूळ वस्तू समोर ठेवून प्रत्येकाने नेमके काय उचलले, काय सोडले आणि काय बदलले हे वस्तूंवरूनच पाहता येते. अशी सोय आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास नेहमी लाभत नाही.

तरीही जपानी कॅमेऱ्याच्या प्रचलित इतिहासात ह्या प्रकाराला फारसे स्थान नाही. जर्मन लायकापासून प्रेरणा, कॅनन व निकॉन ह्यांचा उदय, कोरियन युद्धात अमेरिकी वृत्तछायाचित्रकारांनी निक्कोर भिंगांची केलेली वाखाणणी आणि शेवटी १९५९ मधील निकॉन एफ, अशी ती कथा सांगितली जाते. कथा खोटी नाही, पण ती जे टिकले त्यांनी सांगितलेली आहे. १९५० च्या सुमारास सामान्य जपानी गृहस्थाच्या हाती जो कॅमेरा पडला तो ३५ मिलिमीटर फिल्मचा महागडा कॅमेरा नव्हे. तो गळ्यात अडकविलेला, दोन डोळ्यांचा, उभट चौकोनी पेटीसारखा कॅमेरा होता.

ह्या यंत्राची रचना थोडक्यात अशी. कॅमेऱ्यास एकावर एक अशी दोन भिंगे असतात. खालचे भिंग फिल्मवर चित्र घेते. वरचे केवळ पाहण्यासाठी असते. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसविलेल्या आरशावर पडून वर वळतो आणि माथ्यावरील दुधी काचेवर प्रतिमा उमटवितो. छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरतो आणि मान खाली घालून ती प्रतिमा पाहतो. प्रतिमा सुलट दिसते, पण तिची डावी-उजवी बाजू बदललेली असते. त्यामुळे धावत्या मुलाच्या मागे कॅमेरा फिरविताना नवशिक्याचा हात हमखास उलट्या दिशेस जातो. दोन्ही भिंगे बरोबरच पुढेमागे सरकत असल्याने वरची प्रतिमा स्पष्ट झाली की खालचीही झाली असे समजावयाचे. आरसा स्थिर असतो, हे ह्या रचनेचे मर्म होय. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात चित्र घेण्याच्या क्षणी आरसा उचलला जावा लागतो आणि त्यासाठी नाजूक, वेगवान यंत्रणा लागते. येथे तिची गरजच नाही. मोबदल्यात एक दोष पत्करावा लागतो. दोन भिंगांच्या उंचीत काही सेंटिमीटरांचे अंतर असल्याने जवळच्या वस्तूच्या बाबतीत डोळ्यास दिसणारे दृश्य आणि फिल्मवर येणारे दृश्य जुळत नाही. पराशय नावाचा हा दोष पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

दोन भिंगांची कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच असे कॅमेरे विकले जात. परंतु तिला आधुनिक, आटोपशीर रूप दिले ते जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके ह्या पेढीने. १९२० मध्ये स्थापन झालेली ही पेढी प्रथम त्रिमितीय चित्रांसाठी तीन भिंगांचे कॅमेरे करीत असे. त्यांपैकी दोन भिंगे चित्रासाठी व एक पाहण्यासाठी होते. चित्र घेणारे एक भिंग काढून टाकून उरलेली दोन उभी रचली, की १९२९ चा रोलायफ्लेक्स तयार होतो. हे म्हणणे थोडे सोपे केलेले असले तरी चुकीचे नाही. १९३३ मध्ये त्याच पेढीने रोलायकॉर्ड हा स्वस्त कॅमेरा काढला आणि १९३७ मध्ये फिल्मची सुरुवात आपोआप ओळखणारा रोलायफ्लेक्स ऑटोमॅट आणला. ह्या यशाचे पहिले अनुकरण जर्मनीतच झाले, ही गोष्ट जपानवर ठपका ठेवणारे सहसा विसरतात. फोइग्टलेंडरचा सुपर्ब १९३३ चा आणि त्साइस इकॉनचा इकोफ्लेक्स १९३४ चा. पुढे अमेरिकेत सिरोफ्लेक्स, ब्रिटनमध्ये मायक्रोकॉर्ड आणि सोव्हिएत संघात फोइग्टलेंडरच्याच दुसऱ्या एका कॅमेऱ्यावरून बेतलेला ल्युबितेल निघाले. नक्कल हा कोण्या एका देशाचा स्वभावविशेष नव्हता.

जपानात ह्या प्रकाराचा आरंभ महायुद्धापूर्वीच झाला. १९२८ मध्ये काझुओ ताशिमा ह्यांनी ओसाका-कोबे परिसरात जी कॅमेरा कंपनी काढली तिच्या नावातच 'जपान-जर्मनी' असा जोडशब्द होता, आणि नॉयमान व हायलेमान हे दोन जर्मन तिच्यात तांत्रिक मार्गदर्शक होते. हीच कंपनी पुढे चियोदा कोगाकु आणि अखेर मिनोल्टा झाली. १९३७ मध्ये तिने मिनोल्टाफ्लेक्स बाजारात आणला. त्याच वर्षी चीनशी युद्ध भडकले, परदेशी चलनाची चणचण वाढली आणि कॅमेऱ्यांसारख्या चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आले. देशी उत्पादकास संरक्षित बाजारपेठ मिळाली, परंतु लवकरच काच, धातू आणि कुशल कामगार लष्कराकडे वळविले गेले. दुर्बिणी व तोफांच्या नेमदर्शक भिंगांवर काम करताना जपानच्या प्रकाशीय उद्योगाने जे शिकून घेतले त्याचा लाभ मात्र शांततेच्या काळात व्हावयाचा होता.

१९४५ नंतरची परिस्थिती वेगळीच होती. लष्करी मागणी एका दिवसात संपली. कारखान्यांत यंत्रे होती, भिंगे घासणारे कारागीर होते, पण काम नव्हते. दोस्तांच्या प्रशासनाने कॅमेऱ्यांच्या उत्पादनास परवानगी दिली ती प्रामुख्याने निर्यातीसाठी आणि लष्करी दुकानांतून अमेरिकी सैनिकांना विकण्यासाठी. अन्नधान्य बाहेरून आणावयाचे तर डॉलर हवेत, आणि थोड्या कच्च्या मालात अधिकाधिक डॉलर मिळवून देणाऱ्या वस्तूंत कॅमेरा बसत होता. त्या वर्षांच्या कॅमेऱ्यांवर 'व्याप्त जपानमध्ये तयार केलेले' ह्या अर्थाची इंग्रजी अक्षरे कोरलेली आढळतात. हा शिक्का १९५२ च्या एप्रिलमध्ये शांतता-तह अमलात येईपर्यंतच्या काळाचा. वस्तूचा काळ ठरविण्यासाठी अभ्यासकास त्याचा उपयोग होतोच. शिवाय निर्यात ही त्या काळात केवळ व्यापारी बाब राहिली नव्हती, याचीही तो आठवण देतो. १९४९ मध्ये डॉलरचा दर ३६० येन असा बांधला गेला आणि जपानी वस्तूच्या स्वस्ताईला स्थैर्य आले.

ह्याच सुमारास द्विभिंगी कॅमेऱ्याची जी लाट उसळली तिची कारणे केवळ रोलायफ्लेक्सच्या प्रतिष्ठेत शोधून चालणार नाही. प्रतिष्ठा तर लायकालाही होती. परंतु लायकासारख्या कॅमेऱ्यात पडद्याचे शटर आणि अंतरमापक ही दोन अवघड अंगे आहेत, आणि ती दोन्ही करणाऱ्याच्या स्वतःच्या कारखान्यात व्हावी लागतात. द्विभिंगी कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याचे शटर भिंगाच्या पाकळ्यांमध्ये बसते आणि ते स्वतंत्रपणे विकत मिळते. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेला सेइकोशा कारखाना अशी शटरे करीत असे; कोपाल आणि आणखी काही कारखानेही ह्या धंद्यात होते. भिंगेही तोमिओकासारख्या कारखान्यांकडून घेता येत. उरली ती पेटी, एक आरसा, दुधी काच, झाकण आणि भिंगे पुढेमागे करण्याची सोय. ह्यासाठी पत्रा कापण्याचे व ओतीव भाग तासण्याचे साधे कारखाने पुरत. म्हणजे हा कॅमेरा स्वतः न घडविता जोडता येत होता. ग्राहकाच्या बाजूनेही एक व्यावहारिक कारण होते. १२० क्रमांकाच्या फिल्मवर सहा सेंटिमीटर लांबीरुंदीची बारा चित्रे येतात. चित्र मोठे करण्याचे यंत्र नसले तरी फिल्म कागदावर ठेवून थेट छाप काढता येतो आणि तो अल्बममध्ये चिकटविण्याइतका मोठा असतो. ३५ मिलिमीटरच्या बाबतीत हे शक्य नव्हते. युद्धाने गरीब झालेल्या देशात ह्या फरकाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

परिणाम असा झाला, की कॅमेरा तयार करणे हा कारखानदाराचाच नव्हे तर खोलीत बसून करावयाचा धंदा झाला. जपानात खोलीचा आकार तातामी चटयांच्या संख्येत सांगतात. साडेचार चटयांची खोली म्हणजे साधारण नऊ फूट लांब व तितकीच रुंद. सामान्य कुटुंबाच्या घरातील ती एक लहानशी खोली. अशा खोलीत विकतचे भाग जोडून कॅमेरे बाहेर काढणाऱ्या मंडळींना 'साडेचार चटयांचे कारखानदार' असे नाव पडले. नावात उपहास आहे, आणि थोडे कौतुकही असावे. एलमोफ्लेक्स, ब्यूटीफ्लेक्स, एअर्सफ्लेक्स, प्रिमोफ्लेक्स, झेनोबियाफ्लेक्स अशा नावांची रांगच लागली. ह्यांतील सर्व खोलीतले नव्हेत. प्रिमोफ्लेक्स हा तोक्यो कोगाकु ह्या जुन्या प्रकाशीय कंपनीचा होता, आणि एअर्सफ्लेक्सच्या काही प्रतींवर निक्कोर भिंग आढळते. परंतु शेवटचे 'फ्लेक्स' हे अक्षर सर्वांना समान. इंग्रजी वर्णमालेतील जवळजवळ प्रत्येक अक्षरापासून सुरू होणारा द्विभिंगी कॅमेरा जपानात निघाला होता, असे संग्राहक आजही मोठ्या आवडीने सांगतात. ओलिंपस, कोनिशिरोकु, फूजी ह्या मोठ्या कंपन्यांनाही ह्या लाटेपासून दूर राहणे जमले नाही. १९५२ ते १९५४ ह्या काळात त्यांनीही आपापले 'फ्लेक्स' बाजारात आणले.

ह्या गर्दीत रिकोफ्लेक्सचे स्थान स्वतंत्र आहे, आणि त्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. रिको ही कंपनी रिकेन ह्या संशोधनसंस्थेच्या उद्योगसमूहातून निघालेली. संस्थेत तयार झालेला संवेदी कागद विकण्यासाठी १९३६ मध्ये कियोशी इचिमुरा ह्यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र कंपनी झाली आणि लवकरच ती कॅमेरेही करू लागली. १९५० मध्ये तिने रिकोफ्लेक्सचा तिसरा नमुना बाजारात आणला. त्याची किंमत सुमारे सहा हजार येन, म्हणजे त्या वेळच्या दराने सोळा-सतरा डॉलर होती. इतर द्विभिंगी कॅमेऱ्यांच्या किमती ह्याच्या कितीतरी पट होत्या.

ही किंमत कशी शक्य झाली, हे कॅमेरा हाती घेतला की उलगडते. पेटी दाबून घडविलेल्या पत्र्याची आहे. भिंग तीन काचांचे, म्हणजे १८९३ मध्ये इंग्लंडात डेनिस टेलर ह्यांनी काढलेल्या जुन्या त्रिकाच पद्धतीचे. रोलायफ्लेक्समध्ये असलेल्या चार काचांच्या टेसारचे नव्हे. शटरला १/२५, १/५० व १/१०० सेकंद एवढेच वेग. फिल्म सरकविताना मागील लाल खिडकीतून आकडा पाहावयाचा. कोणतीही स्वयंचलित सोय नाही. सर्वांत चतुर भाग म्हणजे भिंगांची जुळणी. रोलायफ्लेक्समध्ये दोन्ही भिंगे असलेली फळी संपूर्णपणे पुढेमागे सरकते. ती समांतर राहावी यासाठी आतील यंत्रणा अतिशय काटेकोर असावी लागते. रिकोफ्लेक्समध्ये फळी हलतच नाही. दोन्ही भिंगांच्या बाहेरील कड्यांना दाते आहेत आणि ते एकमेकांत अडकलेले आहेत. एक कडे फिरविले की दुसरे फिरते आणि दोन्ही भिंगांच्या पुढील काचा सारख्याच प्रमाणात आतबाहेर होतात. दाते उघडे आहेत, कॅमेऱ्याच्या तोंडावरच दिसतात. ही युक्तीही रिकोने शोधलेली नव्हती. अमेरिकेतील आर्गोफ्लेक्समध्ये ती १९४० च्या सुमारासच होती. परंतु रिकोने तिच्याभोवती वाहत्या पट्ट्यावर जोडणी करण्याची पद्धत उभारली आणि महिन्याकाठी दहा हजारांवर कॅमेरे काढण्यापर्यंत मजल मारली. जपानी कॅमेरा उद्योगात त्यापूर्वी असे झालेले नव्हते. येथे अनुकरणाचे स्वरूप काय आहे? रोलायफ्लेक्सची नक्कल करताना रिकोने त्यातील जवळजवळ सर्व उत्तम गोष्टी वगळल्या. जे ठेवले ते केवळ मूळ तत्त्व: दोन डोळे, एक आरसा आणि वरून पाहावयाची काच. ह्याला सुधारणा म्हणता येणार नाही, आणि हुबेहूब नक्कल तर मुळीच नाही. हे एक प्रकारचे संक्षेपण होय, आणि उद्योगाच्या इतिहासात संक्षेपणाचे महत्त्व शोधापेक्षा नेहमीच कमी असते असे मानण्यास आधार नाही.

रिकोफ्लेक्सच्या खपाचा आणि त्याच वेळच्या हौशी छायाचित्रणाच्या चळवळीचा संबंध जोडण्याचा मोह होतो. १९५० पासून 'कॅमेरा' ह्या मासिकाच्या मासिक स्पर्धांचे परीक्षक म्हणून केन दोमोन ह्यांनी वाचकांना सजविलेली चित्रे सोडून रस्त्यावरच्या वास्तवाकडे वळण्याचे आवाहन केले आणि देशभरातून हजारो हौशी मंडळींनी त्यास प्रतिसाद दिला. कॅमेरा स्वस्त झाला म्हणून ही चळवळ फोफावली, की अशा चळवळींनी निर्माण केलेल्या भुकेमुळे स्वस्त कॅमेरा खपला? दोन्ही गोष्टी समकालीन होत्या एवढेच निश्चितपणे म्हणता येते. एकीस दुसरीचे कारण ठरविणे हे घाईचे होईल.

रिकोच्या यशाने उद्योगाचा तळ हलविला. याशिकाची कहाणी त्याचा भूगोल दाखविते. नागानो प्रांतातील सुवा सरोवराच्या काठचा ओकाया-सुवा परिसर हा एके काळी जपानी रेशीमधंद्याचे केंद्र होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेतील रेशमाची मागणी कोसळली, नंतर कृत्रिम धागे आले आणि गिरण्या ओस पडल्या. महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचविण्यासाठी तोक्योचे काही सूक्ष्मयंत्रांचे कारखाने ह्याच डोंगराळ भागात हलविण्यात आले. ओलिंपस आणि सेइकोशाचा घड्याळविभाग त्यांत होते. युद्ध संपल्यावर हे कौशल्य तेथेच मुरले. गिरण्यांच्या रिकाम्या इमारती आणि बारीक कामाची सवय असलेले हात, दोन्ही उपलब्ध होते. अशा ठिकाणी १९४९ च्या डिसेंबरमध्ये योशिमासा उशियामा ह्यांनी याशिमा सेइकी ही छोटी कंपनी काढली. आरंभी ती विजेच्या घड्याळांचे सुटे भाग करीत असे. १९५३ मध्ये तिने एका व्यापारी पेढीसाठी पिजनफ्लेक्स हा द्विभिंगी कॅमेरा केला आणि लगेच स्वतःच्या नावाचा याशिमाफ्लेक्स. १९५७ मध्ये कळ फिरवून फिल्म पुढे नेणारा याशिका-मॅट आला आणि १९५८ मध्ये कंपनीचेच नाव याशिका झाले. घड्याळाच्या भागांपासून आठ वर्षांत निर्यातबाजारातील परिचित नावापर्यंतचा हा प्रवास द्विभिंगी कॅमेऱ्याशिवाय शक्य झाला नसता. साडेचार चटयांच्या कारखानदारांनी ज्या सुलभतेचा उपयोग करून वर्षा-दोन वर्षांत धंदा आटोपला, तिचाच उपयोग याशिकाने शिकण्यासाठी केला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या सुलभतेची दुसरी बाजू अर्थातच वाईट होती. हलके सांधे, प्रकाश गळणाऱ्या पेट्या आणि जुळणी चुकलेली भिंगे असलेला माल परदेशी गेला की दोष एका खोलीला लागत नसे, तो साऱ्या देशाला लागे. म्हणून १९५४ मध्ये उद्योगाचा संघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी जपान कॅमेरा तपासणी संस्थाही उभी राहिली. १९५७ च्या निर्यात-तपासणी कायद्याने हे काम अधिक बंधनकारक केले, आणि तपासून उत्तीर्ण झालेल्या कॅमेऱ्यावर लहानशी लंबगोल सोनेरी चिठ्ठी चिकटू लागली. गुणवत्तेचा प्रश्न ह्याने पुष्कळ सुटला. नकलेचा मात्र सुटला नाही, कारण उत्तम तऱ्हेने केलेली नक्कलही तपासणीत उत्तीर्णच होणार. परदेशांतून येणाऱ्या तक्रारी वाढत गेल्या. १९५७ मध्ये शासनाने उत्तम रचनेसाठी 'जी' चिन्ह देण्याची पद्धत सुरू केली आणि १९५९ मध्ये निर्यातमालाच्या रचनेविषयी स्वतंत्र कायदा केला. ह्या उपायांवरून एक गोष्ट स्पष्ट होते: १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नक्कल हा जपानी शासनाच्या दृष्टीनेही दोष ठरला होता. दशकाच्या आरंभी तीच नक्कल डॉलर मिळवून देत होती, तेव्हा तिच्याविषयी अशी तातडी दिसत नाही.

कायद्यांची वाट न पाहता दोन कारखाने मूळ नमुन्याच्या पुढे गेले होते. त्यांपैकी मिनोल्टाचा ऑटोकॉर्ड १९५५ चा. वरवर पाहता तो रोलायफ्लेक्सचाच भाऊ वाटतो. पण आतील फिल्मचा मार्ग उलटा आहे. रोलायफ्लेक्समध्ये कोरी फिल्म तळाशी असते, तेथून ती रुळावरून काटकोनात वळून मग चित्राच्या चौकटीसमोर येते. कॅमेरा काही दिवस तसाच पडून राहिला तर वळलेल्या जागी फिल्मला बाक येतो, आणि तो भाग पुढच्या चित्रात आला की चित्राची स्पष्टता सगळीकडे सारखी राहत नाही. ऑटोकॉर्डमध्ये कोरी फिल्म वर ठेवलेली असते, ती सरळ खाली चौकटीसमोर उतरते आणि वळण घेते ते चित्र घेऊन झाल्यावर. बदल साधा आहे, परंतु मूळ यंत्राचे दोष त्याच्या निर्मात्यापेक्षा अनुकरण करणाऱ्याच्या अधिक बारकाईने लक्षात येतात याचे ते उत्तम उदाहरण होय. भिंगाखालची एक तरफ बोटाने डावी-उजवीकडे सरकवून स्पष्टता साधण्याची सोयही सुटसुटीत होती. आज मात्र जुने वंगण घट्ट झालेल्या कॅमेऱ्यांत नेमकी हीच तरफ मोडलेली आढळते, हेही नोंदविले पाहिजे. त्यावरील चार काचांचे रोक्कोर भिंग ज्या रोक्को डोंगराच्या नावाने ओळखले जाते तो कोबेजवळच आहे.

मामियाने घेतलेले पाऊल ह्याहून धाडसाचे. सेइइची मामिया ह्यांची कंपनी १९४० ची. १९४८ मध्ये तिने पहिला द्विभिंगी कॅमेरा काढला, तोही सर्वांसारखाच. परंतु १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या मामियाफ्लेक्स सी ह्या मालिकेत भिंगे बदलता येतात. वरचे व खालचे भिंग एकाच पट्टीवर जोडीने बसविलेले असते आणि शटर खालच्या भिंगातच असते. जोडी काढण्यापूर्वी एक कळ फिरविली की आतील झडप फिल्म झाकते. पुढील काळात ५५ पासून २५० मिलिमीटरपर्यंतच्या जोड्या उपलब्ध झाल्या. चामडी भाता आणि दातेरी पट्टीमुळे भिंग कितीतरी पुढे नेता येई, त्यामुळे अगदी जवळच्या वस्तूचे चित्र घेता येऊ लागले. येथे पराशयाचा जुना दोष आडवा येणारच. त्यावर मामियाने काढलेला उपाय गमतीदार आहे: तिपाईवर कॅमेऱ्याखाली एक छोटे उच्चालक बसवावयाचे, वरच्या भिंगातून पाहून घ्यावयाचे, आणि मग दोन भिंगांतील अंतराइतका संपूर्ण कॅमेराच वर उचलावयाचा. ह्याच प्रश्नाला ब्राउनश्वाइगने दिलेले उत्तर वेगळे होते. दूरच्या चित्रासाठी १९५९ मध्ये टेले-रोलायफ्लेक्स आणि विशाल कोनासाठी १९६१ मध्ये वाइड-रोलायफ्लेक्स, म्हणजे प्रत्येक भिंगासाठी वेगळा कॅमेरा. यंत्र म्हणून ते अधिक देखणे असतील. पण विवाहसमारंभ किंवा वृत्तपत्राचे काम करणाऱ्या छायाचित्रकारास तीन कॅमेरे परवडणे कठीण होते, आणि मामिया दीड किलोहून जड असला तरी एकच होता. अमेरिकेतील डायान आर्बस ह्यांच्यासारख्या छायाचित्रकाराने रोलायफ्लेक्सनंतर मामियाचा सी ३३ हाती घेतला. येथे अनुकरण करणारा आणि मूळ निर्माता ह्यांच्या भूमिका जवळजवळ बदललेल्या आहेत. फक्त व्यापारी शब्दकोशाने ही अदलाबदल नोंदविली नाही.

लाट ओसरली ती १९५५ नंतर. उत्पन्न वाढले, छाप मोठे करून देणारी दुकाने सर्वत्र झाली, रंगीत पारदर्शिका आल्या आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर छत्तीस चित्रे मिळतात हे गणित सर्वांना पटले. रिको स्वतःच त्या बाजूस वळली. असाही पेन्टॅक्स १९५७ चा आणि निकॉन एफ १९५९ चा. पाहणे आणि चित्र घेणे एकाच भिंगातून होऊ लागल्यावर दुसऱ्या भिंगाचे प्रयोजनच उरले नाही. खोलीतले कारखानदार कोणतीही नोंद न ठेवता नाहीसे झाले. एअर्ससारखी बरीच मोठी कंपनीही १९६० च्या सुमारास बुडाली. टिकले ते मोजके. याशिकाने मॅट १२४ जी हा नमुना १९७० मध्ये आणून १९८६ पर्यंत चालविला. मध्यंतरी १९८३ मध्ये कंपनी क्योसेराकडे गेली होती. मामियाचा शेवटचा सी ३३० एस १९८३ चा. ब्राउनश्वाइगच्या मूळ पेढीचे त्यापूर्वीच, १९८१ मध्ये, दिवाळे निघाले होते.

भारतीय अभ्यासकास ह्या इतिहासाचा दुवा फार दूर शोधावयास नको. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला ह्यांच्या हाती जर्मन रोलायफ्लेक्स होता. परंतु परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात आवळली गेल्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावच्या स्टुडिओतून आणि लग्नमांडवांतून दिसे तो बहुधा याशिका. छायाचित्रकार मान लववून पेटीत पाहतो आणि समोरच्या वरवधूंना तो आपल्याला नमस्कार करीत आहे असा भास होतो, ही त्या कॅमेऱ्याने दिलेली सवय. त्या स्टुडिओंतील चौरस निगेटिव्हांचे पुडे हे सामाजिक इतिहासाचे साधन आहेत आणि ते झपाट्याने रद्दीत जात आहेत.

साधनांचाच प्रश्न जपानातही आहे. मोठ्या कंपन्यांचे दप्तर शाबूत आहे. साडेचार चटयांच्या खोल्यांचे दप्तर कधी नव्हतेच. त्यांच्याविषयी जे कळते ते जुन्या मासिकांतील जाहिराती, नावाच्या पट्ट्या, शटरवरील खुणा आणि भिंगांवरील क्रमांक ह्यांवरून. एकाच कारखान्याची पेटी तीन नावांनी विकली गेलेली दिसते, आणि एकाच नावाखाली दोन भिन्न पेट्या आढळतात. अशा वस्तू एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कोणी कोणाकडून काय उचलले हे ठरत नाही. निर्यात-कॅमेऱ्यांवरील सोनेरी चिठ्ठीची पद्धत १९८९ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी त्याच तपासणी संस्थेने तोक्योत कॅमेऱ्यांचे संग्रहालय उघडले.